दादाची सॅक

मराठी भाषेने बाईच्या ओझ्याच्या जागा फार पूर्वीच नेमून दिल्या आहेत. घागर डोक्यावर किंवा काखेत, मूल कडेवर, सरपणाची मोळी डोक्यावर, शेतात न्यायची भाकरीही डोक्यावरच. नारळ नि तांदूळ ओटीत, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. हरवलेला कळसा शेवटी सापडतो तोही काखेतच. तिच्या पाठीवर मात्र भाषेने काही ठेवलेले नाही. पाठीवर बिऱ्हाड असते ते विंचवाचे आणि पाठीवर पोते असते ते हमालाचे. झाशीच्या राणीच्या पुतळ्यात पाठीशी बांधलेला दत्तक पुत्र हा या नियमाला अपवाद. आणि अपवाद आहे म्हणूनच त्याचा पुतळा झाला असावा, असे आम्हांला कधी कधी वाटते.

हे सगळे मनात येण्याचे निमित्त अगदीच व्यवहारी होते. चार दिवसांच्या डोंगरवाटेसाठी बायकांना सोयीची पाठपिशवी कोणती, एवढाच प्रश्न आमच्यापुढे होता. काव्यशास्त्राच्या वाचकांपुढे पट्टे, बकले आणि लिटर यांचा विषय काढावा की नाही, याचा आम्ही थोडा विचार केला. पण गेल्या दोन वर्षांत या एका पिशवीने आम्हांला जेवढे वाचायला आणि बोलायला लावले, तेवढे एखाद्या वाङ्मयीन वादानेही लावले नव्हते.

आम्ही म्हणजे चांदूर रेल्वेच्या सहाजणी. तिघी शिकवतो, एक शिकवून निवृत्त झाली, दोघी अजून शिकत आहेत. धाकटी वीस वर्षांची, थोरली एकसष्ट. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत, एक बाजाराचे आणि एक रेल्वेचे, आमचे रेल्वेचे. भुसावळ-नागपूर लोहमार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोचला आणि आमच्या गावाने आगगाडी थेट नावातच घेतली. गावाच्या नावात प्रवास असला, तरी गावातल्या बाईने प्रवासाला निघायचे ते लग्नाला, बाळंतपणाला, नाहीतर देवाला. यांतले तिसरे कारण आमच्या उपयोगी पडले. पाडव्याला सावंगा विठोबाला कापूर जाळायला माणसे पायी जातात. त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो, कोणी काही म्हटले नाही. पुढे कुऱ्ह्याला मुक्काम करून कौंडण्यपूरला गेलो, तेव्हाही नाही. कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते, आणि आषाढीसाठी तिथून तिची पालखी पंढरपूरला जाते. संस्थानाच्या परंपरेनुसार ही वारी १५९४ पासूनची आहे. देवीला माहेराहून सासरी पायी पोचवणाऱ्या वाटेवर बायका चालल्या, तर त्यांना अडवणार कोण? मग चिखलदरा झाले, गाविलगड झाला. १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीने ज्या किल्ल्यावर तोफा डागल्या, त्याच्या तटावर बसून आम्ही ठेचा-भाकर खाल्ली. इथवर सगळे एका झोळीत मावत होते.

रतनगडाहून कात्राबाईच्या खिंडीने हरिश्चंद्रगड, हा बेत ठरला तेव्हा झोळी पुरेना. चार दिवस, तीन रात्री; अंथरूण-पांघरूण, शिधा, पाणी, कोरडे कपडे, औषधे, आणि मासिक पाळीची तारीख जिची जवळ आली आहे तिचे वेगळे सामान. म्हणजे सॅक आली. (हा शब्द सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी इतका मराठी करून टाकला आहे, की 'पाठपिशवी' लिहिताना आम्हांला कोशाची पाने चाळल्यासारखे वाटते. तेव्हा पुढे सॅकच.)

आमच्या भागातल्या कोणत्याही मुलीची पहिली सॅक ही दादाची असते. दादा पुण्याला शिकायला जातो, तिथे गड चढू लागतो, नोकरी लागली की नवी सॅक घेतो आणि जुनी घरी पाठवतो. ती माळ्यावर पडलेली असते. आमच्यातल्या चौघींनी अशाच सॅका काढल्या: दोन दादांच्या, एक दिरांची, एक यजमानांची. सरावासाठी आम्ही भल्या पहाटे दहा-दहा किलो वजन घालून चार-पाच तास चालायचो. तिसऱ्या दिवशी धाकटीच्या उजव्या हाताची बोटे बधिर झाली. घरी आल्यावर तिला पेन धरता येईना. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. तिच्या आईने आम्हांला जे ऐकवले ते इथे लिहिण्याजोगे नाही, आणि ते पूर्णतः अन्यायाचे होते असेही नाही. मुलीच्या हातावर मुलीचे शिक्षण होते आणि शिक्षणावर तिचे लग्न लांबणीवर टाकण्याचा एकमेव आधार होता. बोटे आठवड्याभरात पूर्ववत झाली. पण तेवढ्या आठवड्यात चालण्याचा विषय त्या घरातून जवळजवळ कायमचा बंद होण्याच्या बेतात आला होता.

डॉक्टरांनी सांगितलेले कारण आम्हांला नवे होते. मानेतून निघून बगलेतून हातात उतरणाऱ्या मज्जातंतूंचे एक जाळे असते. खांद्याचा पट्टा त्यावर तासन्तास दाबला गेला की हात बधिर होतो, क्वचित दुबळा होतो. सैनिकांमध्ये हे दुखणे इतके ओळखीचे आहे की वैद्यकात त्याला 'रकसॅक पाल्सी' असेच नाव आहे. म्हणजे प्रश्न मुलीच्या नाजूकपणाचा नव्हता, जसे तिच्या घरी धरून चालले होते. धडधाकट शिपायालाही ते होते. प्रश्न असा होता की सॅकचे वजन खांद्यावर का राहिले. ते तिथे राहायलाच नको होते.

इथे सॅकच्या रचनेत थोडे शिरावे लागेल. चांगल्या सॅकचे खांद्याचे पट्टे वजन उचलण्यासाठी नसतातच. ते सॅक पाठीला धरून ठेवतात, एवढेच. वजन उचलायचे ते कमरेच्या पट्ट्याने, म्हणजे खुब्याच्या वरच्या हाडाच्या कंगोऱ्याने. तिथून ते थेट पायांत उतरते आणि पाय हे शरीरातले सर्वांत बळकट अवयव आहेत. पण हा पट्टा त्या कंगोऱ्यावर बरोबर बसायचा असेल, तर सॅकची पाठ माणसाच्या पाठीएवढी असायला हवी. मान पुढे झुकवली की मानेच्या बुडाशी एक मणका उठून दिसतो, तो सातवा. तिथून दोन्ही खुब्यांच्या कंगोऱ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर म्हणजे पाठीचे माप. माणसाची उंची नव्हे. आमच्यात पाच फूट पाचची एक आहे आणि पाच फुटांची एक. दोघींच्या पाठीत फरक निघाला जेमतेम बोटभर. उंचीचा सगळा हिशेब पायांत होता.

दादाची पाठ लांब असते. त्याच्या सॅकचा कमरपट्टा बहिणीच्या खुब्यावर न बसता खाली, नितंबांवर येतो. तिथे तो काहीच तोलत नाही, उलट पावलागणिक घसरतो. मग वजन निमूटपणे खांद्यांकडे जाते. दादाचे खांदे रुंद, म्हणून पट्टे एकमेकांपासून दूर शिवलेले. बहिणीच्या खांद्यावरून ते बाहेर सरकतात आणि नेमके बगलेपाशी दाबतात. ते सरकू नयेत म्हणून ती छातीवरची क्लिप आवळते, आणि ती क्लिप छातीच्या उभारावर आडवी बसते. पट्टे सरळसोट असले तर दोन्ही बाजूंनी स्तन चेपले जातात; बायकांसाठी म्हणून जे पट्टे करतात ते वळणदार असतात, छातीला वळसा घालून जातात. कमरपट्टाही निराळा हवा, कारण बाईचा खुबा खाली रुंद होत जातो. सरळ पट्टा खालच्या कडेला टोचतो आणि वरच्या कडेला हवा खेळते. हे सगळे कळल्यावर आमच्या थोरलीने एकच प्रश्न विचारला, "मग इतकी वर्षं आपल्याला खांदे दुखतात, ते आपण लेचेपेचे म्हणून, असंच आपण समजत होतो ना?"

मापाचे ज्ञान घेऊन आम्ही मोठ्या शहरातल्या एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या दुकानात याहून वेगळे घडले असते असे वाटत नाही. 'लेडीज' म्हटल्याबरोबर विक्रेत्या मुलाने गुलाबी आणि जांभळ्या अशा दोन सॅका काढल्या. कमरपट्टा, पाठ, पट्ट्यांचे अंतर सगळे शेजारच्या निळ्या सॅकसारखेच होते. दोन्ही थोड्या लहान, इतकेच. परदेशातल्या व्यापाऱ्यांतही या युक्तीसाठी एक विनोदी वाक्प्रचार आहे म्हणतात: गुलाबी करा आणि आकसवा. आम्ही पाठीचे माप घ्यायला सांगितले, तेव्हा तो मुलगा कानापर्यंत लाल झाला. भर दुकानात बाईच्या मानेपासून कमरेपर्यंत टेप कशी लावायची? त्याचा संकोच खरा होता, आमचाही. टेप परत दिली आणि बाहेर आलो.

तोच प्रश्न चांदूरच्या आमच्या लेडीज टेलर काकांपुढे मांडला आणि पाच मिनिटांत सुटला. त्यांना संकोच नव्हता, कारण त्यांचा तो धंदाच. खांदा, मुंढा, उंची, छाती, कंबर हे शब्द त्यांच्या वहीत चाळीस वर्षे लिहिले जात आहेत. आमच्या सहाही जणींची मापे त्यांच्याकडे होतीच, काहींची तर लग्नाआधीपासूनची. धाकटीच्या पाठीवरची दादाची सॅक पाहून ते म्हणाले, "हे तं मुंढ्यातच बसत नाही. दुसऱ्याचं ब्लाऊज घातल्यासारखं झालं." एका वाक्यात सारी मीमांसा. ब्लाऊज दुसऱ्याचे घालत नाही तर सॅक का घालावी, याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

काकांनी दादाच्या सॅकची उसवाउसव केली. खांद्याचे पट्टे वरच्या बाजूला एकमेकांजवळ आणून पुन्हा शिवले. कमरपट्टा उचलून वर घेतला आणि त्याच्या आत फोमचा जाड थर भरून तिरक्या कापावर शिवला, घागऱ्याच्या नेफ्यासारखा. छातीची क्लिप वर-खाली सरकेल अशी केली. आतली ॲल्युमिनियमची पट्टी मात्र लांबच राहिली आणि ती धाकटीच्या डोक्याला मागून लागायची. तिच्यावर काकांचा इलाज नव्हता. शेवटी सहापैकी तिघींनी नव्या सॅका घेतल्या, पाठीची लांबी सरकवता येणाऱ्या, आणि तिघींच्या काकांनी दुरुस्त केल्या. यांतल्या कोणत्या चांगल्या, असे कोणी विचारले तर आमचे मत: नव्या. पण दुरुस्त केलेली सॅक जिच्या खांद्यावर आहे, तिला आपल्या शरीराची जी ओळख झाली ती नवी घेणाऱ्यांना झाली नाही.

ही कमरेची युक्ती कोणी शोधली याचा माग काढताना एक गमतीची हकीकत हाती लागली. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी कॅलिफोर्नियात डिक केल्टी नावाचे एक सुतारकाम जाणणारे गृहस्थ डोंगरात भटकत असत. पाठीवरच्या चौकटीची खालची टोके विजारीच्या मागच्या खिशांत खोचली तेव्हा खांद्यांवरचा भार एकाएकी हलका झाला, आणि तिथून कमरपट्ट्याची कल्पना निघाली असे सांगतात. १९५२ पासून ते ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅका विकू लागले. चौकटी ते गॅरेजमध्ये करत आणि पिशव्या शिवत त्यांच्या पत्नी नीना, घरी. आधुनिक सॅकच्या इतिहासात शोधाचा मान केल्टींचा आहे आणि तो योग्यच आहे. पण पहिल्या सॅका एका बाईच्या शिलाई यंत्रावरून उतरल्या आणि बाईच्या अंगाला बसायला त्यांना आणखी काही दशके लागली, हेही त्या इतिहासातच लिहून ठेवायला हवे.

ही हकीकत आम्ही मोठ्या कौतुकाने ज्यांना सांगितली, त्या मावशी आमच्यातल्या एकीच्या शेतात दरवर्षी कापूस वेचायला येतात. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि कमरेची ओटी सोडून दाखवली. वऱ्हाडात कापूस वेचणारी बाई जुन्या लुगड्याचा किंवा चादरीचा धडपा कमरेला गाठ मारून बांधते, पुढे त्याची मोठी खोळ होते आणि बोंडांतला कापूस त्यात पडत जातो. दोन्ही हात मोकळे. ओटी भरत जाते तसा भार वाढतो. पण तो सारा खुब्यावर. खांद्याला झोळी अडकवून कापूस वेचणारी बाई आम्ही पाहिलेली नाही. "वज्जं कमरीवरच घ्या लागते, बाई. खांद्यावर घेतलं तं हात कसे चालतीन?" असे म्हणून मावशींनी गाठ मारण्याची जागा बोटाने दाखवली. ती नेमकी तीच होती, जिच्यावर सॅकचा पट्टा बसायला हवा. आम्ही भाषेच्या अभ्यासकांनी 'कंबर कसणे' हा वाक्प्रचार वर्गात पन्नासदा समजावून दिला असेल, नेहमी योद्ध्याचे उदाहरण देऊन. ओटी बांधणाऱ्या बाईचे उदाहरण त्यात कसे चपखल बसते, हे मावशींच्या बोटाखाली दिसले.

येथे एक मोह टाळला पाहिजे. पारंपरिक ते सारे शहाणपणाचे आणि बायका मुळातच ओझ्यासाठी घडलेल्या, असा सूर या विषयात फार लवकर लागतो. १९८६ साली 'नेचर' या नियतकालिकात एक गाजलेला निबंध आला. पूर्व आफ्रिकेतील लुओ आणि किकुयू स्त्रिया आपल्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंतचे ओझे डोक्यावरून नेताना जास्तीची शक्ती जवळजवळ खर्च करत नाहीत, असे त्यात आढळले होते. पुढे अनेकांनी ते सरसकट सर्व स्त्रियांना लावले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासात मात्र डोक्यावरच्या ओझ्याचा पाठीवरच्या ओझ्याहून असा सार्वत्रिक फायदा दिसला नाही. नेपाळात डोको पाठीवर घेऊन त्याचा नाम्लो कपाळाला लावून चालणाऱ्या हमाल स्त्रिया आपल्या वजनाच्या सरासरी दोन तृतीयांश ओझे वाहतात, अशी मोजणी २००५ साली 'सायन्स'मध्ये छापून आली. या आकड्यांत कौतुक करण्याजोगे बरेच आहे आणि हेवा करण्याजोगे काहीही नाही. मावशींची कंबर वयाच्या पन्नाशीत वाकली आहे. ओटी बांधण्याची जागा बरोबर असली, तरी ओझे किती आणि किती वर्षे हे ठरवणे त्यांच्या हाती नव्हते.

आमच्या हाती ते होते, आणि म्हणून आम्ही वजन काट्यावर घेतले. ओळखीच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर आधी आम्ही सहाजणी उभ्या राहिलो (दुकानातल्या मापाड्यांची त्या दिवशी चांगली करमणूक झाली) आणि मग सॅका ठेवल्या. सांगितला जाणारा ढोबळ नियम असा की अनेक दिवसांच्या चालीत सॅकचे एकूण वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावे. अठ्ठेचाळीस किलोच्या बाईला साडेनऊ किलो. त्यातून रिकाम्या सॅकचे दीड-दोन किलो गेले, तीन लिटर पाण्याचे तीन किलो गेले, उरले साडेचार. या साडेचार किलोंत संसार बसवायचा म्हणजे काय, ते बाईला शिकवावे लागत नाही असे म्हणतात. आमचा अनुभव उलट आहे. बाई 'लागलं तर असू द्यावं' या तत्त्वावर वाढलेली असते. पहिल्या बांधणीत आमच्या सहा सॅकांतून चार सांडश्या निघाल्या.

काट्यावरच्या त्या सकाळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. आपण रोज काय उचलतो ते आमच्यापैकी कोणालाच किलोत माहीत नव्हते. घरगुती सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलोचा असतो, टाकीचे वजन निराळे. तो सरकवणाऱ्या, उचलणाऱ्या बाईला घरात कोणी 'एवढं वजन कशाला उचलतेस' म्हणत नाही. तोच प्रश्न नऊ किलोच्या सॅकला मात्र सहाही घरांतून आला.

सॅकच्या आकाराबद्दल थोडक्यात. सह्याद्रीत मुक्काम गुहेत, देवळात किंवा पायथ्याच्या घरांत होतो, तंबू लागतोच असे नाही. तेव्हा तीन-चार दिवसांना चाळीस ते पन्नास लिटर पुष्कळ झाले. हिमालयात थंडीचे कपडे वाढतात, तिथे साठ. मोठी सॅक घेऊ नये. मोकळी जागा बाईला बघवत नाही, ती भरते. जड वस्तू पाठीला चिकटून ठेवाव्यात, पाठीच्या मध्याच्या आसपास, फार उंच नको. पाठीशी जाळी ताणून हवा खेळवणाऱ्या सॅका आमच्या उन्हाळ्यात मोहक वाटतात. पण त्या ओझे पाठीपासून दूर ढकलतात आणि उतारावर मागे ओढतात. आम्हांला घाम परवडला.

आणि काही गोष्टी अशा, ज्या कोणत्याही दुकानातल्या माहितीपत्रकात आम्हांला सापडल्या नाहीत. सलवारीची नाडी आणि कमरपट्टा एकाच जागी येतात; गाठ पुढे मधोमध असेल तर दोन तासांत पोटावर वळ उठतो. इलास्टिक लावावे, किंवा गाठ बाजूला, हाडाच्या पुढे घ्यावी. मंगळसूत्र छातीच्या क्लिपखाली अडकते. दोघींनी ते काढून ठेवले, एकीने आत घेतले, आणि यावर आमच्यात तीन दिवस पुरेल इतका वाद झाला. अंबाडा सॅकच्या वरच्या झाकणावर आपटतो, त्यामुळे चढावर मान वर करून कडा बघता येत नाही. हे ऐकायला किरकोळ वाटेल. पण ज्या कड्यासाठी चारशे मैल आलो, तो न बघता आपल्याच पायांकडे पाहत चढणे हे किरकोळ नाही. दोन वेण्या घालाव्यात, शाळेतल्यासारख्या. एकसष्ट वर्षांच्या थोरलीनेही घातल्या. पाळीच्या दिवसांत कमरपट्ट्याचा दाब ओटीपोटावर नकोसा होतो. त्या दिवशी पट्टा एक बोट सैल करून दोन किलो वजन दुसरीच्या सॅकमध्ये जाते, न मागता. हा नियम आमच्यात लिहिलेला नाही.

बायकांच्या चालण्याविषयी जे लिहिले गेले त्यात हे सारे शोधण्याची सवय आम्हांला आता लागली आहे. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती'तील 'वाटचाल' हा वारीवरचा लेख आपण शिकवतो तो समाजशास्त्रासाठी, एकाच दिंडीत जेवणाच्या निरनिराळ्या पंक्ती कशा बसतात यासाठी. तो या वेळी आम्ही पायांसाठी वाचला. आमच्या पिढीला डोंगराची ओढ लावली ती गो. नी. दांडेकरांच्या लेखनाने, 'दुर्गभ्रमणगाथे'ने. त्या ऋणात काही उणे न करता असे म्हणावेसे वाटते की मराठी भटकंतीच्या वाङ्मयात डोळे पुष्कळ आहेत, पाठ आणि कंबर कमी. शेरिल स्ट्रेड या अमेरिकन लेखिकेच्या 'वाइल्ड' (२०१२) या आत्मकथनात सॅक हे जवळजवळ एक पात्रच आहे. १९९५ साली ती लांबच्या डोंगरवाटेवर एकटी निघाली, तेव्हा पहिल्या दिवशी तिला आपली सॅक उचलताच येईना. तिने तिचे नाव राक्षस ठेवले. पट्ट्याने सोललेल्या खुब्यांचे वर्णन तिने संकोच न करता केले आहे. त्याच्या उलट टोकाला एमा गेटवूड. सदुसष्ट वर्षांची, अकरा मुलांची आई. नवऱ्याची मारहाण अनेक वर्षे सोसलेली ही बाई १९५५ साली अपालाचियन वाटेचे तीन हजारांहून अधिक किलोमीटर एकटी चालली, साध्या कापडी बुटांत, घरी शिवलेली एकच पिशवी एका खांद्यावर टाकून. कमरपट्ट्याचा सारा सिद्धांत तिने खोटा पाडला असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. ओझेच इतके कमी ठेवले की त्याला सिद्धांत लागला नाही.

सॅका करणाऱ्यांच्या लेखी बरीच वर्षे पुरुषाची पाठ म्हणजे नुसती 'पाठ' होती आणि बाईची पाठ म्हणजे 'बाईची पाठ'. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा न्याय नवा नाही. 'लेखक' आणि 'स्त्रीलेखिका' ही जोडी आपण परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत अजून छापतो. पण याला उत्तर म्हणून 'बायकांची सॅक' असा वेगळा कप्पा उघडला की काम झाले, असेही आम्ही मानत नाही. आमच्यातल्या पाच फूट पाचच्या मैत्रिणीला अखेर पुरुषांची म्हणून विकली जाणारी सॅक बसली, कारण तिचे खांदे रुंद आहेत. आणि तिच्या नवऱ्याला, ज्याची पाठ आखूड आहे, तिच्यासाठी आणून नापसंत ठरलेली सॅक चांगली बसली. तो ती वापरतो. रंग जांभळा आहे. लेबलापेक्षा टेप खरी.

डिसेंबरात आम्ही बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने इगतपुरीला उतरलो. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळापाशी सॅका पहिल्यांदा पूर्ण भरून पाठीवर घेतल्या: आधी कमरेचा पट्टा आवळायचा, मग खांद्याचे, शेवटी छातीची क्लिप; याच क्रमाने, कारण उलट क्रमाने केले की वजन पुन्हा खांद्यावर जाऊन बसते. कात्राबाईच्या खिंडीत वाट निसरडी होती आणि दोघी घसरल्या. कुमशेतला ज्यांच्या घरी उतरलो, त्या आजींनी धाकटीची सॅक उचलून पाहिली, कमरपट्टा उलगडून आतला फोम चाचपला आणि आपल्या सुनेला हाक मारून तिच्या कमरेला तो लावून दाखवला. सून विहिरीवरून आली होती. डोक्यावरची चुंबळ तशीच होती. दोघींत काहीतरी बोलणे झाले, ते आम्हांला नीटसे कळले नाही. मग सुनेने सॅक पाठीवर घेऊन अंगणात दोन चकरा मारल्या आणि "पाण्याला नाही चालायची" असे म्हणून परत दिली. तिचे म्हणणे बरोबर होते. हंडा सांडतो, तो पट्ट्याने बांधून ठेवता येत नाही.

हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत थोरली गार पाण्यात उतरली, बाकीच्या काठावर बसलो. चौथ्या दिवशी टोलार खिंडीने खिरेश्वरला उतरलो तेव्हा धाकटीची बोटे शाबूत होती. तिने बसमध्ये बसल्या बसल्या आईला पत्र लिहायला घेतले, फोन असताना. अक्षर हलत होते ते रस्त्यामुळे.

त्या पत्राचा परिणाम म्हणून की काय, तिच्या आईने गेल्या महिन्यात स्वतःचे माप टेलर काकांकडे दिले आहे. वय एकोणपन्नास, पाठ आखूड, डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. पाण्याच्या कळशीमुळे, असे काका म्हणाले. दोन्ही पट्टे सारखे ठेवायचे की डावा अर्धा इंच लहान करायचा, यावर त्यांचे अजून ठरलेले नाही.